मोटारीचा घास

सुहासिनीबाईंनी पोह्याच्या पापडांच्या पिठाची वळकटी सुनेने माहेराहून आणलेल्या, लाट्या पाडायच्या यंत्राच्या नळीत सारली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"चालव. शंभर लाट्या एकसारख्या पडल्या, तर यंत्र पेणला राहील. नाही तर आजच रोह्याला, तुझ्या माहेरी."

सून मृणालीने बटण दाबले. मोटार मोजून एकेक पाऊल टाकत वळकटी पुढे ढकलू लागली. तार खाली येई, लाटी सुटे. अकराव्या लाटीला मोटार करकरली आणि जागीच थरथरत राहिली.

पापड लाटायला गडब गावाहून येणाऱ्या गिरजाबाईंनी मान वर केली.

"दमली गो ही. च्या पाज तिला."

मृणालीने यंत्र थांबवून सर्किटावरचा इवलासा स्क्रू केसभर फिरवला, मीटर लावून आकडा पाहिला.

"करंट वाढवतेस नि हात घालतेस? झटका बसंल."

"झटका बसण्याइतका करंट नाही हा, मावशी. मोटारीला घास केवढा द्यायचा, ते ठरवतेय. कमी पडला तर ती अडते, जास्त झाला तर जळते."

"म्हंजे आमच्या जावयासारखीच हाय."

या खेपेला मोटार सतराव्या लाटीला अडली. पुन्हा स्क्रू, पुन्हा मीटर. मग तेविसाव्याला. मृणालीने मोटारीवर बोट टेकवले आणि चटकन मागे घेतले. पेचकस तिने खाली ठेवला.

"फिरव अजून," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"नाही, आई. याच्यापुढे तिला धोका आहे. रोह्याला परत नेईन, पण जाळणार नाही."

या घरात 'नाही' म्हणण्याचा मान आजवर एकट्या सुहासिनीबाईंचा होता. त्यांनी सुनेकडे नीट पाहिले. मग वळकटी नळीतून ओढून काढली आणि अंगठ्याने दाबली. पहाटे पीठ भिजवताना आपण पाण्याचा हात मुद्दाम आखडता घेतला, हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. पदर खोचून, तेलपाण्याचा हात लावत त्या स्वतः पीठ कुटायला बसल्या.

"बाई, रोजच्यासारखंच हाय ना पीठ?"

"तू लाट."

पीठ सैल झाले, वळकटी नळीत गेली. मृणालीने स्क्रू थोडा मागेच घेतला. टप, टप, टप. मोजता मोजता गिरजाबाई शंभरच्या पुढे गेल्या, तरी कुणी थांबवेना.

"उद्या पीठ आपण दोघी भिजवू," सुहासिनीबाई सुनेला म्हणाल्या. "किती घट्ट हवं, ते तू सांग."

गिरजाबाईंनी पोळपाटावर मान झुकवली आणि खांदे हलू न देता हसून घेतले.