शकूची खाट

गिरणीच्या लेबर ऑफिसात उभं राहून शकूच्या पायांना रग लागली होती. सातवा महिना, त्यात लाकडी जिना चढून आलेली. पण दौलतराव कारकुनांना कसली घाई? त्यांनी एक रजिस्टर उघडलं, मग दुसरं उघडलं, दोन्ही शेजारी शेजारी मांडली आणि चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, घोळ आहे," ते म्हणाले.

ठाण्याच्या या गिरणीत शकू सहा वर्षं वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. त्रेपन्न साली नवी यंत्रं आली आणि खात्यातल्या सगळ्या बायकांना घरी बसवलं. मात्र गिरणीनं एक सोय ठेवली होती. अशा बाईला वर्षाच्या आत दिवस गेले आणि तिचा नवरा याच गिरणीत कामावर असला, तर तिला प्रसूतिगृहात खाट, डॉक्टरीणबाई आणि पुढं दीड महिना घरपोच दूध. शकूचा नवरा मारुती इथंच फिटर होता. हा नियम कुणीतरी आपल्याला बघूनच लिहिलाय, असं तिला वाटलं होतं.

दुधाचं एवढं काही नव्हतं. तिला खाट हवी होती. गेल्या वर्षी, ही सोय होण्याआधी, पहिलं बाळ कोपरीतल्या राहत्या खोलीतच झालं. आडवं आलं, सुईणीनं कसंबसं सोडवलं, पण ते रडलंच नाही.

"हे बघा," दौलतरावांनी बोट ठेवलं. "सहा वर्षं काम केलंय शकू आनंदा हिनं. कुमारी. आणि हे मारुतीचं कार्ड. बायकोचं नाव मंदाकिनी. आता मंदाकिनीनं गिरणीत एक दिवस काम केलेलं नाही, तिला हक्क नाही. शकूला हक्क आहे, पण तिचं लग्नच झालेलं नाही. आणि लग्नाआधी..." इथं ते जोरात खोकले.

"पोट एकच आहे, साहेब," शकू म्हणाली. "त्याला दोन रजिस्टरं कुठली कळायला?"

दोन वर्षांपूर्वी लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहून घेतलं होतं. सासूबाई म्हणजे गंगुबाई. शेजारच्या मास्तरीणबाईंचं नाव मंदाकिनी, म्हणून सुनेचंही तेच. गिरणीत नाव बदलायचं तर अर्ज द्यायचा, म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. म्हणून शकू गिरणीत शकूच राहिली.

"नवऱ्याला घेऊन येते," ती म्हणाली.

"त्याची साक्ष चालत नाही, त्याचा फायदा आहे त्यात. घरातलं वडीलधारं माणूस आणा, लग्नाला हजर असलेलं. शनिवारी खाटांची यादी बंद होते."

घरात वडीलधारं माणूस एकच होतं, सासूबाई. एकदा कळव्याहून आलेल्या तिच्या भावानं, गोविंदानं, दारातून "शकू" अशी हाक मारली होती. तो "मंदाकिनीताई" म्हणेपर्यंत गंगुबाईंनी त्याला चहा दिला नव्हता. "त्ये नाव उंबऱ्याभाईर टाकून आलीस," त्या म्हणत. "घरात काढलंस तर बाधंल."

संध्याकाळी तिनं मारुतीला आईशी बोलायची गळ घातली. गिरणीतली भलीमोठी यंत्रं खोलणारा हा माणूस आईपुढं मात्र गोगलगाय. "तूच सांग की," असं म्हणून तो नळावर पाणी भरायला गेला, तेही रिकामी बादली घरातच विसरून.

शेवटी शकूनंच सांगितलं. गंगुबाईंनी ऐकून घेतलं. "येती मी," त्या म्हणाल्या. "पर काय बोलायचं त्ये माझं मी बोलंन."

शकूला त्याचीच धास्ती होती.

शनिवारी तिघं ऑफिसात गेली. मारुती दाराशीच थबकला.

"ही तुमची सून?" दौलतरावांनी विचारलं.

"व्हय."

"नाव?"

"मंदाकिनी."

"मग शकू कोण?"

"आमच्या घरात शकू-बिकू कुनी न्हाई!" गंगुबाई ठसक्यात म्हणाल्या. दोन वर्षांची सवय जिभेवर होती, ती निसटली.

दौलतरावांनी रजिस्टर मिटलं. मारुती दारातल्या दारात घामाघूम झाला. शकूला मात्र अचानक कशाचीच भीती वाटेनाशी झाली. तिला फक्त राग आला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मागच्या खेपेला मंदाकिनीचं बाळ गेलं. या खेपेला शकूला खाट मिळतेय. घेऊ द्या तिला."

गंगुबाई मटकन स्टुलावर बसल्या. ते बाळ फडक्यात त्यांनीच गुंडाळलं होतं. मग उठून त्यांनी टेबलावर असा हात आपटला, की दौत हलली.

"लिवा! हीच शकू. मीच हिचं नाव बदललं. चूक म्हना हवं तर."

दौलतरावांनी टाक उचलला. "साक्षीदाराचं नाव?"

"गं..." गंगुबाई थांबल्या. "खरं लिवायचं न्हवं?"

"खोटं सांगितलं तर गुन्हा आहे."

"मग लिवा, तुळसा."

मारुतीनं दारातून मान आत घातली. "आई, तुळसा कोण?"

"मी. लग्नात गंगू केलं मला. तीस वर्सं झाली. तुला कुठनं ठावं असनार?"

दौलतरावांनी टाक खाली ठेवला आणि कपाळ चोळलं. "ही शकू असल्याचं तुळसा सांगते. पण तुम्ही तुळसा असल्याचं कोण सांगणार?"

"आता माजी सासू सरगातनं बोलावू का?"

यावर दौलतरावांकडे नियम नव्हता. त्यांनी सुनेच्या आणि सासूच्या दोन्ही नावांत 'ऊर्फ' घातलं, अंगठा घेतला, शिक्का मारला आणि खाटेची चिठ्ठी शकूच्या हातात दिली. शकूनं ती दोनदा वाचली आणि पोलक्यात खोचली. मारुतीला बिचाऱ्याला एवढं सुटल्यासारखं वाटलं, की तो सगळ्यांच्या पुढं धावत खाली गेला.

जिन्याच्या तोंडाशी गंगुबाईंनी तिचा दंड धरला.

"सावकाश उतर... शकू."

शकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही पण जपून, तुळसाआत्या."

गंगुबाईंनी डोळे वटारले. दोन पायऱ्या उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"एक डाव परत म्हन," त्या म्हणाल्या.