थेट घरी

“थेट घरी नाही जायचं, कुया. फिदेला मागनं आली म्हणजे?” बीनिंगने कासियानोची बाही धरली. वयाने मोठा म्हणून तो त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायचा.

मयताच्या घरून निघालं की वाटेत कुठंतरी टेकायचं, म्हणजे गेलेलं माणूस तिथंच वाट चुकतं. मारिकिना शहरात हे कुणाला सांगावं लागत नाही. बाकीचे पाहुणे बेकरीत शिरले. बीनिंगला गारवा हवा होता, म्हणून त्याने शेजारच्या लहानशा थिएटरची तिकिटं काढली.

चाळीस खुर्च्या, नऊ माणसं. तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेले कासियानोचे डोळे आपोआप मोजत. शवपेटीपाशीही मोजून झालं होतं: रडणारे चार, रात्र जागवायला पत्ते कुटणारे अकरा, आणि तोरिबियो. फिदेला अठरा वर्षं या तोरिबियोकडे राहिली. कागदोपत्री मात्र ती कासियानोचीच बायको. या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही, आणि लग्न रद्द करायला वकील गाठण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. तोरिबियोने त्याला कॉफी दिली, बिस्किटं दिली आणि पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावलं. त्याने केली. रडू आलं नाही. आतून काहीच आलं नाही.

सिनेमा नवख्या पोरांनी पदरमोड करून काढलेला. वेगळं झालेलं जोडपं सामान वाटून घ्यायला एक दिवस जुन्या घरी येतं. भाताचं भांडं तिच्या वाट्याला, झाकण त्याच्या, आणि दोघंही हट्टाला पेटलेली. बीनिंग हसून हसून खुर्ची हलवत होता. कासियानो दगडासारखा बसून. शेवटी ती भांडं घेऊन जीपनीत, तिथल्या लांबुळक्या प्रवासी जीपमध्ये, चढते, खिडकीतून वाकून एवढंच विचारते, “जेवलास?”

“हो.”

जीपनी जाते. संपला सिनेमा.

“एवढंच?” बाहेर येताच बीनिंग करवादला. “ना मिठी, ना लग्न! तिकीट फुकट गेलं की.”

“चांगला होता.”

“काय चांगलं होतं त्यात?”

“जेवलो म्हणून तो खोटं बोलला तेव्हा त्याचं तोंड नाही दाखवलं. हातातलं झाकण दाखवलं.” थोडं चालल्यावर कासियानो म्हणाला, “फिदेला गेली तेव्हा भात झाकून गेली होती.”

“मग?”

“खाल्ला.”



दोन दिवसांनी फिदेलाला पुरलं. परतताना सगळे पुन्हा बेकरीपाशी थांबले.

“कुया, चल आत. पाहुण्यांनी थांबायचं असतं.”

“पाहुण्यांनी,” कासियानो म्हणाला आणि चालत राहिला.

“अरे, वेडा झालास का? ती येईल ना मागं!”

त्याने मागे वळून पाहिलं नाही. घर येईपर्यंत तो कुठंही टेकला नाही, पाणी प्यायलाही नाही. कुलूप काढलं, दार ढकललं आणि चौकटीला पाठ लावून बाजूला उभा राहिला. एक माणूस चपला काढून आत जाईल, एवढा वेळ.

मग आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.