कडू चालणारा माणूस

वाइनच्या दुकानातली कायमची नोकरी सुनेसमोर चालून आली होती, पण ती घ्यायची तर दुपारी नातीला सासऱ्यांनी सांभाळायला हवं होतं. सासरे निवृत्त वेल्डर, जन्मभर व्हिस्की पिणारे. "तू आंबट पाणी विकायला जाणार म्हणून मी पाळणा हलवू?" एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता.

तिने नवख्यांना देतात तशी हलकी, मऊ पिनो नुआर वाइन घरी आणली. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला सारला. "ग्लास विसळलेलं पाणी दिलंस की काय?"

सासूबाईंना हसू आवरेना. सून मात्र सासऱ्यांच्या चहाकडे बघत राहिली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, उकळून उकळून काळा केलेला तो चहा घरात दुसऱ्या कुणाच्या घशाखाली उतरत नसे. म्हणजे तुरट-कडूचं या माणसाला वावडं नव्हतंच. तिनेच त्यांना उगाच जपलं होतं.

रविवारी तिने दणकट, तुरट कॅबर्ने सोव्हिन्यो वाइन आणली, तासभर आधी उघडून ठेवली आणि भाजलेल्या मटणासोबत पुढे केली. सासऱ्यांनी घोट घेतला, जीभ टाळूला लावून पाहिली. मग दुसरा घेतला.

"कशी आहे, बाबा?"

"जिभेला धरते," ते म्हणाले.

"मग, व्हिस्की सोडून या बाटलीला फितूर झालात ना?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "पोरीला दुपारी झोपवायचं किती वाजता, ते आत्ताच सांगून ठेव," ते सुनेला म्हणाले. "दुकानातून दर तासाला फोन करायचा नाही."