मैदान बचाव सभेची पार्किंग

मी बूढापारा वस्तीच्या मागच्या गल्लीतलं मैदान बोलून राहिलो. थांबून ऐका, पण गाडीचं स्टँड माझ्यावर लावू नका.

माझा जन्म काही देवाच्या कृपेनं नाई झाला. चाळीस वर्षांपूर्वी नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या रेल्वेच्या बाबू लोकांनी इथं हिंदी मुलखात सोसायटी काढली. नियमापायी थोडी जागा मोकळी सोडावी लागली. मग ज्या वाकड्या तुकड्यावर घर बसत नव्हतं, तो त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिला. तोच मी. तीन बाजू, तिन्ही तिरप्या. पोट्टे फोर मारतात तर बॉल कोणाच्या तरी वरणात पडतो.

तरी मजेत होतो. माझ्यावर पापड वाळले, एप्रिलमधे निळे झेंडे लागले, गणपती बसला, लग्नाचे मांडव पडले. दुसऱ्या दिवशीच्या पत्रावळी कोणी उचलल्या नाई, ते जाऊ द्या.

रोज न चुकता येते ती कलावतीबाई. वय बहात्तर, नर्सच्या नोकरीतून निवृत्त, साखर वाढलेली. सकाळी अकरा चकरा मारते. रस्त्यावर चालून पाहिलं होतं तिनं, दोनदा स्कूटरवाल्यांनी पाडलं. म्हणून मी गेलो तर तिचं चालणं गेलं, आणि चालणं गेलं की पुढं काय होते ते नर्सले सांगावं लागत नाई.

अन् माझ्या जाण्याची वेळ आलीच होती. शहराचा नवा मास्टर प्लान बनून राहिला होता. कोणती जागा आज कशासाठी वापरतात, हे पाहायले माणसं फिरत होती; दिसेल तेच नकाशात लागणार होतं. बातमी लागताच शालिग्रामजींनी मैदान बचाव समिती काढली. शालिग्रामजी म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडक्लार्क, माइक दिसला की सोडत नाई. रविवारी बाजूच्या हॉलमधे सभा ठेवली.

सभेले सगळे आले, आणि गाड्यांवर आले. दोन घरं सोडून राहणारे शालिग्रामजी बी स्कूटीवर. गाड्या ठेवल्या कुठं? माझ्या छातीवर. मले वाचवायले आलेल्या अडतीस स्कूटर, चार कार आणि एक ऑटो.

नेमकी तेव्हाच सर्वेवाली पोरगी आली, अनुश्री नावाची, हातात टॅबलेट. दारात शालिग्रामजी पाहुण्यांचं स्वागत करत होते. तिनं विचारलं, "भैया, ये पार्किंग है क्या?"

"हव दीदी, पार्किंग इथंच आहे," शालिग्रामजी छाती फुगवून म्हणाले. "रोज इथंच लावतो आम्ही. तुमची बी लावा."

तिनं लावली. फोटो काढला, लिहून घेतलं आणि गेली. तिची काही चूक नाई, पाहिलं ते लिहिलं. तोवर आत अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं, की मोकळी जागा शहराचं फुप्फुस असते. माझ्या त्या फुप्फुसावर ऑटोचं ऑइल गळून राहिलं होतं.

तीन महिन्यांनी कच्चा नकाशा सरकारी कचेरीच्या भिंतीवर लागला. मी त्यात हिरवा नाई, करडा. लिहिलं होतं, वाहनतळ. आणि गाड्या आत यायले माझ्या पोटातून तीस फुटी रस्ता. मी आहे केवढा? रस्ता काढल्यावर गाड्या काय माझ्या डोक्यावर ठेवणार होते?

शालिग्रामजी तिथं तोंड लपवून उभे होते. कलावतीबाई म्हणाली, "आता काहून चूप बसता? अर्ज लिहा."

अर्ज गेला. उत्तर आलं, साहेब जागा पाहायले येतील, या आठवड्यात केव्हाही. मग कलावतीबाईनं माझ्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली. सहा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बसली. जो गाडी घेऊन येई त्याले परत पाठवी. गल्ल्या तुंबल्या, लोकांनी शिव्या दिल्या, तिच्या स्वतःच्या पोरानं, उरला औद्योगिक भागातल्या कारखान्यातून थकून आलेल्या यशदीपनं, तोंड वाकडं केलं.

सातव्या दिवशी साहेबांची गाडी आली आणि सरळ माझ्याकडं वळली. बाई खुर्चीतून उठली नाई.

"माताजी, गाडी कहाँ लगाऊँ? गली में तो जगह नहीं है."

"ते तुम्ही सांगा, साहेब. नकाशा तुम्ही काढता."

साहेब बूढातालाबाजवळ गाडी ठेवून घामाघूम पायी आले. कोणावरच चिडले नाई, बिचारे. बाईच्या खुर्चीवर बसून पाणी प्यायले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि कागदावर लिहिलं, मोकळं मैदान, चालण्या-खेळण्याच्या वापरात. मले तेव्हा रडू आलं असतं, पण मैदानाले ओल आली की लोक नळ फुटला म्हणतात.

टाळ्या झाल्या. शालिग्रामजींनी दोन शब्द सांगितले. बाईनं खुर्ची उचलली आणि घराकडं निघाली. ती घराच्या फाटकाशी पोचली नसेल, तो यशदीप मोटरसायकल घेऊन माझ्यावर आला. "आई, साहेब गेले न आता. पाचच मिनिटं."

बाई परत आली, खुर्ची ठेवली आणि बसली.

अजून बसून आहे. तुम्हाले हात जोडून सांगतो, तिचं वय बहात्तर आहे, आणि सात दिवसांत तिची एकही चक्कर झाली नाई.