मी रूव्हिएची जिरवली

मी पाणसळ बोलतेय. गवंडी वापरतात तीच, पण मी कधी विटांची भिंत मोजली नाही. पितळेचं वीतभर अंग, पोटात काचेची नळी, नळीत हिरवट स्पिरिट आणि एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. जागा सपाट असली की बुडबुडा नळीवरच्या रेघांच्या मध्यावर थांबतो, नसली की सरकतो. आणि आधीच सांगून ठेवते, मी कुणाला माफ करायला इथे बसलेली नाही.

माझा जन्म ल्यों शहरातल्या एका कारखान्यातला. माझी नळी प्लास्टरमध्ये बसवणारा म्हातारा इतका चिकित्सक होता की त्याने मला सात वेळा तपासलं आणि मगच खोक्यात घातलं. तिथून मी थेट दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका कॅसिनोत आले.

कॅसिनोत पाणसळीचं काय काम, असं वाटेल. अहो, रुलेटचं आकड्यांच्या खणांचं चाक केसभर जरी कललं तरी त्यात फिरवलेली गोळी पुन्हा पुन्हा एकाच अंगाला उतरते. ज्याला हे ठाऊक आहे आणि ज्याची नजर तयार आहे, तो शेवटच्या क्षणी नेमके तिकडचे आकडे धरतो. बाकीचे बिचारे नशिबाला दोष देत घरी जातात. म्हणून रोज दुपारी दारं उघडायच्या आधी मला चाकाच्या कडेवर ठेवायचं, असा नियम होता.

हे काम सेराफिनकडे होतं. सत्तावीस वर्षं चाक फिरवणारा डीलर. बारीक, टक्कल पडलेला, बोलायला एकदम कमी. डीलरच्या पॅन्टचे खिसे शिवून बंद केलेले असतात. सेराफिनच्या बायकोने, क्लॉतिल्दने, त्याच्या रविवारच्या पॅन्टचेही खिसे शिवून टाकले होते, कारण त्याला उघड्या खिशाची सवयच राहिली नव्हती. टेबल सोडताना डीलरने टाळी वाजवून दोन्ही तळवे दाखवायचे असतात, हातात काही लपवलं नाही म्हणून. हा बाबा घरी जेवून उठतानाही तळवे दाखवायचा म्हणे. बाकीचे डीलर त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायचे. एकदा एक बेल्जियन विधवा जिंकलेलं सगळं टेबलावर विसरून निघाली, तेव्हा यानेच खेळ थांबवून तिला परत बोलावलं होतं.

मला तो आवडायचा तो एका गोष्टीसाठी. तो मला चाकावर ठेवायचा, बुडबुडा बघायचा, मग मला उचलून उलट्या टोकाने त्याच जागी ठेवायचा आणि पुन्हा बघायचा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर पाणसळ खरी. मी रोज खरी निघायचे, तरी तो रोज विचारायचा. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट मान दिल्यासारखं वाटायचं.

मग आमच्या टेबलाचा मुख्य म्हणून रूव्हिए आला. अंगाला अत्तर, मिशीला मेण आणि नाक कायम वर. आल्या आल्या त्याने सेराफिनला सांगितलं की तुमचे डोळे आता थकले, चाक मी बघत जाईन. चाक कसलं बघतोय! त्याने ट्रामचं तिकीट घडी करून चाकाच्या एका पायाखाली सरकवलं. चाक खिडकीच्या बाजूला बरोबर एक रेघ झुकवलं, ते मलाच वर ठेवून, माझ्याकडूनच मोजून घेऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बुडबुड्याला जीभ कुठे असते?

संध्याकाळी टेबलाशी त्याचा मेव्हणा आन्सेल्म येऊन बसायचा. दोघं ओळख दाखवत नव्हते. आन्सेल्म जिंकायचा, बाकीचे हरायचे.

चार दिवसांत सेराफिनच्या लक्षात आलं की गोळी खिडकीकडेच उतरतेय. तो सरळ संचालक पेलिसिए यांच्याकडे गेला. ते येईपर्यंत रूव्हिएने तिकीट काढून घेतलं होतं. सगळ्यांसमोर मला चाकावर ठेवलं गेलं. चाक सपाट होतं. बुडबुडा मध्यावर थांबला. दुसरं काय सांगणार होते मी? खरं होतं तेच सांगितलं, आणि माझ्या खरेपणानेच सेराफिनला बुडवलं.

वरिष्ठावर खोटा आळ घेतला म्हणून त्याचं परवान्याचं कार्ड काढून घेतलं. ते गेलं की देशातल्या कुठल्याही कॅसिनोचं दार बंद. निवृत्तीला तीन वर्षं उरलेला माणूस, ज्याच्या नावाला कधी डाग लागला नव्हता, तो आता चहाडखोर आणि खोटारडा ठरला. त्याने सवयीने टाळी वाजवून तळवे दाखवले. कुणीतरी हसलं.

तो गेल्यावर रूव्हिएने मला उचललं. "ही बघा म्हाताऱ्याची साक्षीदार," असं म्हणत त्याने मला संगमरवरी पायरीवर आपटलं.

काच फुटली नाही. कोपऱ्याला पोचा आला, तो त्याने रुमालाने पुसला. पण आत प्लास्टर हललं आणि नळी एका टोकाला कणभर उचलली गेली. हे फक्त मला कळलं. त्या क्षणापासून मी दोन रेघा खोटी झाले.

रविवारी तो मला घेऊन चाकापाशी आला. चाक सपाट होतं. मी दाखवलं, खिडकीकडे दोन रेघा झुकलंय. फरशी पुसणाऱ्या बाईने टेबल ढकललं असणार, असं समजून त्याने तिला शिवी हासडली आणि तिकीट खिडकीकडच्या पायाखाली घातलं. एक घडी, दुसरी घडी. मी खिडकीकडे एक रेघ दाखवली तेव्हा तो खूश होऊन थांबला. प्रत्यक्षात चाक एक रेघ उलट बाजूला, भिंतीकडे, झुकलं होतं.

मला फक्त एकदा उलट्या टोकाने ठेवायचं होतं, लगेच पितळ उघडं पडलं असतं. पण तो रूव्हिए. उलटून विचारणं त्याला कमीपणाचं वाटायचं. नळी त्याने हलवली हे खरं, पण गप्प बसले ती मी. लोक म्हणतील, निर्जीव वस्तू, ती काय गप्प बसणार? म्हणू देत.

त्या दिवशी आन्सेल्म मोठाच डाव खेळायला आला होता. गोळी भिंतीकडे उतरली. तो पुन्हा खिडकीकडचे आकडे धरून बसला. गोळी पुन्हा भिंतीकडे. त्याच्या कपाळावर घाम आला, कॉलर ओली झाली. रूव्हिए छताकडे बघत उभा. सहाव्या-सातव्या फेरीनंतर आन्सेल्मचा तोल गेला. भरल्या हॉलमध्ये तो उभा राहून ओरडला, "दाजी, खिडकीकडे पडणार म्हणाला होतात ना!"

चाकसुद्धा थांबलं. दोन बायकांनी एकदम वळून रूव्हिएकडे पाहिलं. रूव्हिएच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मिशीखाली ओठ नुसते हलत होते. काय सांगू, मला किती बरं वाटलं! बुडबुडा नळीत नाचला असता, तर नाचवला असता मी.

जुगारखात्याचा इन्स्पेक्टर दोघांना घेऊन गेला. पण मी चाक खिडकीकडे झुकल्याचं दाखवत होते आणि गोळी भिंतीकडे पडत होती, याचा मेळ कुणालाच लागेना. शेवटी पेलिसिएंनी सेराफिनला बोलावणं पाठवलं.

तो घरच्याच कोटात आला. मला ठेवलं, पाहिलं. उलट्या टोकाने ठेवलं, पुन्हा पाहिलं. मग खाली वाकून पायाखालचं तिकीट काढलं.

"चाक भिंतीकडे झुकलं होतं साहेब," तो म्हणाला, "आणि ही पाणसळ खोटी आहे."

पेलिसिएंनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. कार्ड परत मिळालं. मला त्याने घरी नेलं, कारण खोटी पाणसळ कॅसिनोत ठेवायची नाही, असं तो म्हणाला.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात ऑलिव्हच्या बरणीशेजारी असते. क्लॉतिल्द मला लिंबाने घासते, लखलखीत करते. ऐकते ते असं, की रूव्हिए आता कुठल्याशा गावात छत्र्या विकतो, आणि मेव्हण्याची नजरच कच्ची म्हणून अजून दातओठ खातो. दोघांचं बोलणं बंद आहे. तुमच्यापैकी कुणाला तो भेटला तर त्याला सांगा, आन्सेल्मची काही चूक नव्हती. ती मी होते.

काल क्लॉतिल्द मला पुसता पुसता म्हणाली, "या बाईने तुमची अब्रू वाचवली हो."

"त्या दिवशी त्या कललेल्या चाकावर आणखी अकरा माणसं पैसे लावत होती," सेराफिन म्हणाला. "त्यांनी हिचं काय वाकडं केलं होतं?"

क्लॉतिल्दने मला पुन्हा बरणीशेजारी ठेवून दिलं.

उद्या तो मला ल्योंला पाठवणार आहे. नळी सरळ करतील, नवीन प्लास्टर भरतील, आणि मग मला पुन्हा खरंच बोलावं लागेल. म्हणून आजच सांगून घेते. त्या अकरा जणांचं मला जराही वाईट वाटत नाही.

आणि यावर विश्वास बसत नसेल तर राहू द्या. आज मी अजून दोन रेघा खोटीच आहे.