निर्दोष यंत्र

‘यंत्र निर्दोष आहे. मंदपणा खेळणाऱ्याच्या हातात असावा.’ हनुमंतशेठच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाने शिक्क्यानिशी दिलेला हा अहवाल ज्योत्स्नाने काउंटरवरच पुन्हा एकदा वाचला.

पहिले वाक्य निदान होते, दुसरे निव्वळ शेरा. निदानाला तपासणी लागते. शेऱ्याला समोर एखादी मुलगी उभी असली की पुरते. याच दुकानात गेल्या महिन्यात तिने आपल्या संगणकाच्या पेटीत नवा प्रोसेसर आणि नवे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले, तेव्हा तिच्या हातांची चौकशी करावी असे शेठला वाटले नव्हते.

“हात मंद असते, तर जुन्या कार्डावर मी जिंकत कशी होते, शेठ?”

“ताई, हितं बगा ना, कशी पळतीय. तुमच्या घरी गेली की रुसती. सासुरवाशीण हाय जनू.”

ज्योत्स्ना हसली नाही. मात्र त्या थट्टेत शेठच्या नकळत एक निरीक्षण शिरले होते, आणि अहवालापेक्षा ते जास्त कामाचे होते.

वलवणच्या घरी खेळ सुरुवातीला सुरळीत चाले. मग चित्र अडखळू लागे; शत्रू भिंतीआड दिसतो न दिसतो तोच ती मेलेली असे. रविवारी दुपारी ऑनलाइन संघाच्या निवडीचा सामना होता. संघाच्या कर्णधाराने, कार्ल्याच्या सृष्टीने, स्पष्टच सांगितले होते, “मैत्री वेगळी. परत अडकलीस तर तुझी जागा दुसऱ्याला. मला वाईट वाटेल, पण देईन.” हॉटेलच्या स्वागतकक्षात दिवसभर इतरांची नावे लक्षात ठेवणाऱ्या ज्योत्स्नाला जिच्यामुळे चार माणसे नावाने ओळखत, अशी ती एकच जागा होती.

तिने पेटी रेनकोटमध्ये गुंडाळली, स्कूटरवर घालून कार्ल्याला नेली. सृष्टीच्या घरी ती दुपारभर बिनतक्रार चालली. मग सृष्टीचा पडदा, सृष्टीच्या तारा घेऊन ती वलवणला परतली. चित्र पुन्हा अडखळले. तापमानाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला, तर तो चढतच गेला. फार तापलेले यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, हे तिला ठाऊक होते. पण पंखे फिरत होते, धूळ नव्हती. पेटी सुटली, हात सुटले. संशयित म्हणून उरले ते घर.

रविवारी सकाळी, पेटी रात्रभर बंद असताना, तिने टेबलाखालचा, पेटी ठेवायचा कप्पा हाताने चाचपला. डावीकडची फळी गार होती. उजवीकडची कोमट.

शेजारचा खण आईच्या गोधड्यांचा. तो ती कधी उघडत नसे. आज उघडला. गोधड्या हलवलेल्या होत्या. मधल्या फळीची एक पट्टी कुणीतरी सफाईने काढली होती, आणि त्या फटीशी एक पिवळा बल्ब जळत होता. घाटमाथ्याच्या धुक्यात कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून घरोघरच्या कपाटांत जळतो, तसाच.

तिने तो विझवला, पेटी ओढून खोलीच्या मधोमध आणली आणि दुपारी सामना खेळली. चित्र एकदाही अडखळले नाही.

“जागा तुझी,” हेडफोनमधून सृष्टी म्हणाली. “आता त्या शेठला काय ऐकवणार?”

“त्याचं पहिलं वाक्य खरं होतं, हे.”

संध्याकाळी तिची आई, येसूबाई, खंडाळ्याच्या बंगल्यावरचे काम आटोपून आली. डोके पुसण्याआधी तिने खणाला हात लावला.

“इजवलास?”

“तू लावला होतास?” ज्योत्स्नाने विचारले. उलटतपासणीचे पुढचे प्रश्न तिने दिवसभर घासूनपुसून ठेवले होते.

येसूबाई उंबऱ्यावर टेकली.

“व्हय, म्याच लावला. पेटीला हात लावू नगं म्हनालीस, म्हनून शेजारच्या खनात लावला. बंगल्यावर त्यांचा पियानो हाय. कुनी वाजवत न्हाई, पर पावसाळाभर त्येच्याखाली बल्ब लावायचं काम माजंच. आपल्या घरात पैल्यांदाच तशी चीज आली. तिला नगं व्हय?”