अर्मिंदोशी बोलण्यापुरतं

बर्नार्डने साठी उलटल्यावर पोर्तुगीज शिकायला घेतली, ती व्याह्याशी बोलता यावं म्हणून.

त्याचा मुलगा ॲल्रॉय नोकरीसाठी पोर्तुगालला गेला आणि तिथल्याच मार्ताशी त्याचं लग्न ठरलं. व्हिसाचं जमलं नाही, म्हणून बर्नार्ड आणि त्याची बायको इझाबेल यांनी ते लग्न होळी गावातल्या आपल्या घरात बसून, फोन टीव्हीला जोडून पाहिलं. इझाबेलने लग्नातली साडी काढली होती, बर्नार्डने कोट चढवला होता. विधी संपला, जेवणं सुरू झाली आणि मार्ताचा बाप अर्मिंदो हातात ग्लास घेऊन थेट पडद्यापाशी आला. उन्हाने रापलेला, जाड भुवयांचा माणूस. बर्नार्डकडे बघून तो बराच वेळ बोलला. बोलता बोलता हसला, मग थांबला, मग त्याचे डोळे भरून आले. बर्नार्डला एक अक्षर कळलं नाही. त्याने हात जोडले, मान हलवली, आणि तेवढ्यात रेंज गेली.

पुढे त्याने ॲल्रॉयला विचारलं, "काय म्हणाले रे ते?"

"छान बोलले, डॅडी. तुमच्याबद्दलच काहीतरी. आता शब्दन् शब्द कुठे आठवणार?"

हे बर्नार्डच्या मनात राहून गेलं. केळीला पाणी सोडताना, चाफ्याच्या कळ्या खुडताना तो थांबायचा आणि त्या माणसाचे हलणारे ओठ त्याला दिसायचे. एका माणसाने आपल्याला मनापासून काहीतरी दिलं आणि ते आपल्या हातून वाटेतच सांडलं, असं त्याला वाटत राहिलं.

शेजारची ॲंजेला गोव्याला राहून पोर्तुगीज शिकली होती आणि भाषांतराची कामं करायची. एका रविवारी मिस्सानंतर बर्नार्डने तिला चर्चच्या आवारात गाठलं.

"मला शिकवशील?"

"कशाला, अंकल? जायचंय का तिकडे?"

"नाही ग. व्याह्याशी बोलण्यापुरतं."

रविवारी दुपारी ती वाडीत येऊ लागली. तिच्या मागून बर्नार्ड शब्द म्हणायचा. आग्वा म्हणजे पाणी. शूवा म्हणजे पाऊस. काही शब्द ऐकून तो दचकायचा. ॲंजेलाने किल्लीला 'शाव' म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपली चावीच की!" कोबी तर जवळजवळ कोबीच निघाला. पण बाकीची भाषा हाती लागत नव्हती. तिचे शब्द तोंडात अर्धे मिटायचे, शेवटची अक्षरं नाकात विरून जायची. इझाबेल ओट्यावरून ऐकायची आणि हसायची, "मासे तळल्यासारखं नुसतं श्श श्श करता हो तुम्ही."

वाडीच्या टोकाला बावखल होतं. जुन्या लोकांनी खणलेलं ते गोड्या पाण्याचं तळं भर उन्हाळ्यातही आटत नसे. त्याच्या काठी बर्नार्डची बाज होती. जेवून तो तिथे आडवा व्हायचा. केळीच्या पानांतून हिरवा उजेड खाली यायचा, पाण्यावर चतुर थबकायचे, आणि शिकलेले शब्द डोळ्यांसमोर तरंगत राहायचे. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या जागी त्याला वाटायचं, आपण हे शब्द शिकत नाही आहोत. कुणीतरी पाण्याखालून ते हळूहळू वर सोडतंय, आणि आपण फक्त काठावर बसून त्यांची वाट बघतोय. कधी तो झोपेतच कुणाशी तरी पोर्तुगीजमध्ये बोलायचा, भराभर, न अडखळता. जाग आल्यावर त्यातलं काहीच उरायचं नाही, पण जिभेवर मात्र गोडसर चव असायची.

मग त्याने अर्मिंदोला फोन लावला. इथे दुपार असायची तेव्हा तिथे सकाळ. अर्मिंदोही शेतकरीच होता. त्याच्या मळ्यात कोबी, बटाटे आणि द्राक्षाचे वेल होते. बर्नार्डने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "बों दीआ. मी बर्नार्ड. मी थोडं बोलतो." अर्मिंदो इतका मोठ्याने हसला की त्याच्या मागची कोंबडी फडफडत पळाली.

त्यानंतर दोघांचं रोजचंच होऊन गेलं. बर्नार्ड फोन फिरवून केळीचा लोंगर दाखवायचा, अर्मिंदो कोबीचा गड्डा. अर्मिंदोला घाई फार. तो भरधाव बोलत सुटायचा आणि बर्नार्ड त्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडून त्याला लोंबकळत राहायचा. लग्नात काय बोललात, हे विचारण्याइतकी भाषा अजून त्याच्याकडे नव्हती. येईल कधीतरी, असं तो म्हणायचा.

एके दिवशी फोन कुणी उचललाच नाही. पुढे आठवडाभर नाही. मग ॲल्रॉयचा फोन आला.

"डॅडी, मार्ताच्या बाबांना झटका आला. वाचले, पण उजवा हात नीट हलत नाही. आणि बोलणं गेलंय."

"गेलंय म्हणजे?"

"कळतं सगळं. पण शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा शिकवावं लागेल. पण ते प्रयत्नच करत नाहीत. परवा शिकवायला बाई आली, तर तिच्या अंगावर चमचा फेकला. आम्ही काही विचारलं की भिंतीकडे तोंड करतात."

बर्नार्ड बाजेवर जाऊन बसला. एवढा बोलका माणूस. सगळे शब्द त्याच्या घरातून निघून गेले होते आणि तो रिकाम्या घरात एकटा बसला होता. रिकामं घर कसं असतं, हे बर्नार्डला ठाऊक होतं. गेले कित्येक महिने तो त्या भाषेच्या अशाच रिकाम्या घरात एकेक वस्तू आणून ठेवत होता.

अर्मिंदो इस्पितळातून घरी आल्यावर बर्नार्डने मार्ताला सांगून फोन त्याच्यासमोर ठेवायला लावला. पडद्यावर एक वाळलेला चेहरा दिसला. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. अर्मिंदोने त्याला पाहिलं आणि नजर वळवली.

बर्नार्ड काही विचारायला गेला नाही. तो उठून वाडीत चालू लागला. "आग्वा," तो बावखल दाखवत म्हणाला. तिकडे शांतता. "सोल," त्याने वर पानांतून डोकावणारा सूर्य दाखवला. शांतता. मग त्याने केळीचं पान हातात धरलं. पानाचा शब्द त्याला कधीच नीट जमला नव्हता. "फोला," तो म्हणाला.

पडद्यावरच्या जाड भुवया हलल्या.

"फोला," बर्नार्ड पुन्हा म्हणाला.

अर्मिंदोने नजर परत पडद्याकडे वळवली. त्याच्या कपाळावर आठी पडली, ओठ थरथरले, आणि चुकीचं ऐकवत नसलेल्या माणसाच्या वैतागाने तो ओरडला, "फोल्य!"

तिकडे कुणाच्या तरी हातातलं भांडं पडल्याचा आवाज झाला. मार्ता धावत आली. ती बापाकडे बघत होती, बाप बर्नार्डकडे, आणि बर्नार्ड हातातल्या पानाकडे, जणू ते पानच बोललं होतं.

त्या दिवसापासून तेच त्यांचं काम झालं. बर्नार्ड चुकायचा, अर्मिंदो दुरुस्त करायचा. घरच्यांसमोर अर्मिंदोला लाज वाटायची. ते त्याच्या तोंडातलं वाक्य पुरं करून टाकायचे. बर्नार्डला पुरं करायला काही येतच नव्हतं. एक शब्द यायला जितका वेळ लागे तितका वेळ तो बसून राहायचा. मध्ये पानांची सळसळ व्हायची, तिकडे कोंबडा आरवायचा, आणि दोन म्हातारे एका शब्दाची वाट बघत राहायचे.

रविवारी ॲंजेला आली तेव्हा बर्नार्ड म्हणाला, "आज मला चुका शिकव."

"चुका?"

"बरोबर यायला लागलंय मला, तीच पंचाईत झालीय. वाऱ्याला 'वेंतु' म्हणतात ना? मग चुकीचं काय म्हणू, की त्यांना राग येईल?"

 मग दोघांनी मिळून ती दुपार शब्द वाकडे करण्यात घालवली. इझाबेल चहा घेऊन आली. तिने बर्नार्डच्या कपात चमचाभर साखर जास्त घातली.

पावसाळा सरत आला तसे अर्मिंदोचे शब्द एकमेकांना जोडले जाऊ लागले. मग वाक्यं आली, आधी लंगडत, मग चालत. तो डाव्या हाताने कोबी उपटून दाखवू लागला. आणि नाताळाच्या सुमाराला एक दिवस असा आला की बर्नार्डला तो काय म्हणतोय ते कळेना. अर्मिंदो परत धावू लागला होता. बर्नार्ड जिथे होता तिथेच, वाटेच्या कडेला उभा होता. त्याच्या मनात आनंद तर होताच, आणि त्याच्या तळाशी जरासं एकटेपणही.

त्याने कधीपासून मनात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. लग्नाच्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलंत?

अर्मिंदो थांबला. त्याने बराच विचार केला आणि खांदे उडवले. आठवत नाही, तो म्हणाला. झटक्यात तेही गेलं होतं. मग त्याने बोट वर केलं, म्हणजे थांब. आणि तो नव्याने बोलू लागला.

ते बोलणं लांबत गेलं. बर्नार्ड बाजेवर आडवा झाला आणि फोन त्याने छातीवर धरला. त्याला 'आई' कळलं, 'नदी' कळलं, 'मुलगी' दोनदा कळलं. मधला सगळा प्रवाह नुसता वाहत होता आणि त्याला तो अडवावासा वाटत नव्हता. हिरवा उजेड पापण्यांवर उतरला. आवाज दूर गेला, मग जवळ आला, मग पाण्याखालून येऊ लागला.

इझाबेल वाळवण गोळा करायला आली तेव्हा नवरा गाढ झोपला होता आणि त्याच्या छातीवरून एक माणूस परक्या भाषेत बोलत होता. तिने अलगद फोन उचलला. अर्मिंदो बोलायचा थांबला. तिने हात गालाला लावून मान कलती केली.

"दोर्म," अर्मिंदो हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "झोपलेत."

तिने फोन चाफ्याच्या खोडाला टेकवून असा ठेवला की त्याला बर्नार्ड दिसावा, आणि बाजेच्या कडेला जागा करून बसली. अर्मिंदोने आवाज आणखी खाली आणला आणि उरलेलं बोलणं तो तिला सांगू लागला.